चाखणाऱ्याचे ऑपरेशन

किरीटभाईंनी चिवड्याची तीन पाकिटे एकापाठोपाठ फोडली आणि माझ्या टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ओतली.

"सुर्वेभाई, चाखो."

मी चिमूटभर उचलला. चावला.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"चांगला?" त्यांनी खुर्ची ओढली. "मार्केट बोलतं, फिका आहे. पालघर बोलतं, वसई बोलतं. डहाणूचा होलसेलर काय बोलला माहीत आहे? बोलला, किरीटभाई, यंदाचा चिवडा दवाखान्यात वाटायला बनवला काय?"

गणपती नुकतेच गेले होते. दिवाळीचा माल निघू लागला होता. पहिल्या गाड्या रवाना झाल्या होत्या आणि पुढच्या गाड्यांसाठी ड्रम फिरत होते.

"प्रोडक्शन बंद करतो," किरीटभाई म्हणाले. "काय झालं ते शोधा. लवकर शोधा. दिवाळी माझ्यासाठी थांबणार नाही."

आमची कंपनी फरसाण बनवते. कारखाना काशीगावच्या बाजूला, हायवेपासून थोडा आत आहे. कागदावर माझे पद सीनियर मॅनेजर असे आहे. प्रत्यक्षात मी चाखणारा आहे. आयुष्याची सगळी नोकरी मी याच एका कामावर केली.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. तळलेल्या पोह्यांवर पिठीसाखर, मीठ आणि मसाला एका फिरत्या ड्रममध्ये चढवतात. प्रमाण ठरलेले असते. पण दरवर्षी मिरची वेगळी येते, पोहे वेगळे येतात. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला प्रमाण थोडे हलवून चव मागच्या वर्षीच्या जागी आणावी लागते. याला आम्ही सेटिंग म्हणतो. मागच्या वर्षीचे पाकीट तुलनेला ठेवून उपयोग नसतो, कारण तोवर त्याचे तेल जुने झालेले असते. मग मागच्या वर्षीची चव असते कुठे? आमच्या कंपनीत ती माझ्या जिभेवर असते, असे सर्वांनी गृहीत धरले होते. मीही धरले होते.

तपास आम्ही नेहमीच्या क्रमाने सुरू केला. ग्रेटा आमची लॅब बघते. जवळच्या उत्तन गावची आहे. नेमके बोलते आणि कमी बोलते. आधी तिने ओलावा तपासला, कारण सादळलेला चिवडा फिका लागतो. ओलावा ठीक होता. मीठ ठीक होते. मिरचीच्या पोत्यांत काही गडबड नव्हती. मग ती साखरेवर आली.

"साखर मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे, सर."

"ती मी कमी करायला सांगितली होती," मी म्हणालो. "दोनदा. यंदाची पिठीसाखर जास्त बारीक आहे. बारीक साखर जिभेवर लवकर विरघळते, म्हणून चिवडा गोड लागत होता. तेलही जास्त निथळवायला सांगितलं होतं. तुपकट वाटत होता."

ग्रेटा खाली जाऊन साखरेचा नमुना घेऊन आली. आमच्याकडे चाळण्यांची एक उतरंड असते. तिच्यातून पूड गाळली की ती किती बारीक आहे हे कळते. तिने माझ्यासमोर गाळले.

"बारीक नाहीये, सर. तशीच आहे. दर वर्षीसारखी."

मी पुन्हा गाळायला सांगितले. तिने गाळले. उत्तर तेच आले.

तिने चाळण्या पुन्हा रचून ठेवल्या. तिने विचारायला हवे होते, पण ती वयाने आणि पदाने लहान होती. मी सांगायला हवे होते, पण माझ्याजवळ सांगण्यासारखे जे होते ते मी कंपनीपासून लपवले होते.

उन्हाळ्यात मी वजन कमी करण्याचे ऑपरेशन करून घेतले होते. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. डॉक्टर त्याला स्लीव्ह म्हणतात. रक्तातली साखर आटोक्यात राहत नव्हती, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकत होता. निर्णय योग्य होता. मात्र कारखान्यात मी हर्नियाचे ऑपरेशन असे सांगितले. फरसाणाच्या कंपनीत चाखणाऱ्या माणसाने पोट कापून घ्यावे, यावर लोक काय म्हणतील याची मला लाज वाटत होती. त्याहून अधिक भीती वाटत होती. खाऊ न शकणाऱ्या चाखणाऱ्याला कोण ठेवून घेईल?

ऑपरेशननंतरचे जेवण ही एक वेगळी शाळा असते. आधी पातळ पदार्थ, मग गाळलेले, मग मऊ. वाटी लहान, चमचा लहान. आधी डाळ, अंडे किंवा मासा आणि जागा उरली तर भात. जेवताना पाणी नाही. आहारतज्ज्ञ मुलीने पहिल्याच भेटीत मला एक प्रश्न विचारला होता. "काका, तुम्ही भूक लागते म्हणून खाता, की समोर आहे म्हणून खाता?"

मला उत्तर देता आले नाही. माझ्या समोर तर सकाळी नऊपासून शेव, गाठी, पापडी आणि चिवडा मांडलेला असे.

चाखण्याचा नियम सगळ्या जगात एकच आहे. चिमूटभर घ्यायचे, चावायचे, चव ओळखायची आणि थुंकून टाकायचे. मग कोमट पाण्याने चूळ भरायची. मी एवढ्या वर्षांत कधीही थुंकलो नव्हतो. आमच्या घरी, खेडला, ताटाबाहेर सांडलेले शीतही आई वेचून तोंडात टाकत असे. तोंडात घेतलेले अन्न टाकून द्यायचे, हे माझ्याच्याने होत नव्हते. मी सगळे गिळत गेलो. चिमटीची मूठ कधी झाली ते मला कळले नाही. खरे म्हणजे कळले होते. आईची शिकवण हे त्यातले अर्धे कारण होते. उरलेले अर्धे कारण असे, की मला खायला आवडत होते आणि त्यासाठी पगार मिळत होता.

कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी मी सवयीने शेव गिळली. थोड्याच वेळात घाम फुटला, छाती धडधडू लागली, हातपाय गळाले. तेलकट किंवा गोड पदार्थ नव्या पोटातून घाईने खाली उतरला की असे होते, हे मला सांगितलेले होते. मी वॉशरूममध्ये भिंतीला टेकून बसून राहिलो. दुसऱ्या दिवसापासून केबिनचे दार लावून, झाकणाच्या पेल्यात थुंकू लागलो. पहिले काही दिवस थुंकण्याआधी मी मनातल्या मनात अन्नाची क्षमा मागत असे. हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते, म्हणून सांगितले नाही.

ग्रेटाने साखर गाळून दाखवली त्या दिवशी मी बेव्हर्ली पार्क वसाहतीत घरी पोहोचलो तो हाच विचार घेऊन. साखर तीच, मग मला गोड का लागते आहे? मेधाने, माझ्या पत्नीने, टोमॅटोचे सार वाढले होते. मी दोन चमचे घेतले.

"गोड झालंय गं थोडं."

तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"अहो, ऑपरेशन झाल्यापासून मी हेच ऐकतेय. आमटी गोड. कोशिंबीर गोड. परवा दुधी गोड. दुधीत साखर घालतं का कोणी?"

"मग गोड का लागतं?"

"मला काय माहीत? आधी मी गूळ कमी केला. मग बंद केला. या सारात गुळाचा खडासुद्धा नाही. तरी तुम्हाला गोडच."

"बोलली नाहीस कधी."

"म्हटलं, आजारातून उठलाय माणूस. खातोय ते खाऊ दे सुखानं."

"आणि तू काय खातेस? तुला तर आंबटगोड लागतं."

"मी माझ्या वाटीत वरून गूळ घालून घेते," ती म्हणाली. "तुम्ही हात धुवायला उठलात की."

मला हसू आले. माझ्या जिभेवर विश्वास ठेवून मेधा गूळ कमी करत गेली होती. कारखान्यानेही तेच केले होते. मेधाला वरून गूळ घालून घेता येत होता. डहाणूच्या गिऱ्हाइकाला ती सोय नव्हती.

मी सर्जनना फोन केला. "होतं असं," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना होतं. गोड आणि तेलकट जास्त जाणवतं, नकोसं वाटतं. तुमच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे, नाही का?"

माझ्या दृष्टीने चांगले होते. माझ्या नोकरीच्या दृष्टीने कसे होते, हे मी त्यांना विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किरीटभाईंच्या केबिनमध्ये गेलो. बसायला त्यांनी सांगितले, पण मी उभाच राहिलो.

"चिवडा मी फिका केला," मी म्हणालो. "साखरेचा दोष नाही. माझ्या जिभेचा आहे. आणि दुसरं म्हणजे, मी तुमच्याशी खोटं बोललो. माझं ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं."

"वजनाचं होतं," किरीटभाई म्हणाले.

मी खुर्ची ओढून बसलो.

"सुर्वेभाई, आख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटला माहीत आहे. हर्निया काढला म्हणून कोणाची पँट सुटते काय? तुम्ही चार महिन्यांत निम्मे झालात. पॅकिंगच्या बायका तर बोलतात, सर गेले आणि सरांचा मुलगा कामाला आला."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"तुम्ही हर्निया बोललात, मी हर्निया मानला. माणसाची इज्जत असते." ते थोडे पुढे झुकले. "पण जिभेचं मला माहीत नव्हतं. ते तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

"मलाच काल कळलं."

"ठीक आहे. आता मला बोला, मी कोणाच्या जिभेवर माल काढू? भावेश कधीपासून बोलतोय, बाहेरचा कन्सल्टंट आणू, सगळं मशीनवर टाकू. मी बोलत होतो, आपल्याकडे सुर्वेभाई आहेत. आता काय बोलू त्याला?"

भावेश हा त्यांचा पुतण्या. कंपनीत नवीन होता आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दारात ग्रेटा उभी होती. तिने बरेचसे ऐकले असावे.

"सर, एक टेस्ट घेऊया का?" ती म्हणाली. "सुर्वेसरांची जीभ बिघडली आहे की नुसती बदलली आहे, ते कळेल."

"दोन्ही एकच ना?" किरीटभाई म्हणाले.

"नाही, सर."

ती टेस्ट अशी असते. तीन वाट्या ठेवतात. दोन वाट्यांत एकच माल असतो, तिसरीत किंचित वेगळा. वेगळी वाटी कोणती, एवढेच सांगायचे. चांगले की वाईट हे कोणी विचारत नाही. वाट्या बदलून तेच पुन्हा पुन्हा करतात, म्हणजे अंदाजाने उत्तर देणारा पकडला जातो. पूर्वी नवीन माणसे घेताना मीच ही टेस्ट घेत असे. स्वतः कधी दिली नव्हती.

ग्रेटाने मागच्या वर्षीच्या प्रमाणाने थोडा ताजा चिवडा करून घेतला. यंदाचा होताच. काही वाट्यांत तिने दोहोंच्या मधला, अगदी थोडा फरक असलेला चिवडा ठेवला. कॅन्टीनमध्ये टेबल मांडले. किरीटभाई आले, भावेश आला. पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत होत्या, त्याही उठल्या नाहीत.

"नापास झालो तर मी स्वतःच बाजूला होतो," मी किरीटभाईंना म्हणालो. "तुम्हाला सांगावं लागणार नाही."

"आधी बसा तरी," ते म्हणाले.

मी पहिली वाटी घेतली. चावले. आणि थांबलो. इतक्या लोकांसमोर थुंकायचे कसे? तोंडात घास धरून मी तसाच बसलो. पॅकिंगच्या हिराबाई जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या आहेत. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"थुका ना सर. आमी पान थुकतो तं चालतं, तुमी चिवडा थुकला तं काय झालं?"

सगळे हसले. मी पेला उचलला आणि थुंकलो. त्या क्षणी आईची आठवण झाली नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. फक्त तोंड मोकळे झाले.

त्यानंतर मी एकेक वाटी घेत गेलो. चूळ, वाटी, चूळ. माझे उत्तर ग्रेटा लिहून घेत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नव्हते. शेवटच्या वाट्यांतला फरक फार थोडा होता. मी डोळे मिटून चावले. वर्षानुवर्षे मी मुठीने खाल्लेल्या चिवड्यात इतके बारकावे मला कधी सापडले नव्हते. आधी पोहे, मग मीठ, मग साखर, मागून येणारी मिरची. प्रत्येक गोष्ट वेगळी उभी होती. पोट भरायचे नसले की जिभेला किती वेळ मिळतो, याचे मला नवल वाटले.

"झालं, सर," ग्रेटा म्हणाली. तिने कागद किरीटभाईंना दिला. "सगळी उत्तरं बरोबर. शेवटची पण. ती मी स्वतः करून पाहिली होती. मला जमली नव्हती."

किरीटभाईंनी कागद भावेशकडे सरकवला. भावेशने वाचला आणि मग स्वतः दोन वाट्या उचलून चाखून पाहिल्या.

"मला तर दोन्ही सेम लागतात," तो म्हणाला.

"मग चिवडा फिका का केला?" किरीटभाईंनी मला विचारले.

"अजून एक टेस्ट आहे," ग्रेटा म्हणाली. आता तिने दोनच वाट्या ठेवल्या. एकीत मागच्या वर्षीचे प्रमाण, दुसरीत यंदाचे. प्रश्न एकच: कोणता आवडला? मी यंदाच्या वाटीवर बोट ठेवले. मग त्याच वाट्या सगळीकडे फिरल्या. पॅकिंग, गोडाऊन, ड्रायव्हर, किरीटभाई स्वतः. माझ्या बाजूने एकही मत पडले नाही.

हिराबाईंनी यंदाचा चिवडा तोंडात घोळवला. "मसाला हाय, कुरकुरीत हाय. पन गंमत न्हाय."

तपास तिथे संपला. माझी जीभ बिघडली नव्हती. ती पूर्वीपेक्षा अधिक तीक्ष्ण झाली होती. बदलली होती ती आवड. फरक ओळखणे आणि एखादी गोष्ट आवडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपल्याला येते ते पहिले, हे मला इतक्या वर्षांनी कळले. ऑपरेशनआधी माझी आवड बाजाराच्या आवडीसारखीच होती, म्हणून हे कधी उघडे पडले नाही. बाजाराला जे खावेसे वाटे, तेच मलाही खावेसे वाटे, आणि मी खात असे. त्यालाच मी कौशल्य समजत होतो.

त्याच दुपारी प्रमाण पूर्वीसारखे केले आणि ड्रम सुरू झाले. फिका माल परत मागवून बदलून दिला. दिवाळीआधी सगळ्या गाड्या गेल्या. डहाणूच्या होलसेलरने पुन्हा फोन केला, तो आणखी माल हवा म्हणून.

भावेशला मधल्या काळात एक कल्पना सुचली. माझ्या आवडीचा फिका चिवडा "कमी गोड" असे लिहून वेगळा विकायचा. मी नको म्हणालो. किरीटभाईंनी करून पाहू दिले. तो खपला नाही. त्यातली काही पाकिटे मी घरी नेली. मेधाने एक घास खाल्ला आणि वरून साखर भुरभुरली.

आता आमच्याकडे कामाची वाटणी झाली आहे. आवडीचे मत हिराबाई आणि इतर मंडळी देतात. ग्रेटा त्यांची मते गोळा करते. मी फक्त दोनच गोष्टी सांगतो: माल तसाच आहे, किंवा माल वेगळा आहे. कसा झालाय, हे मला कोणी विचारत नाही. सुरुवातीला याचे थोडे वाईट वाटले. नंतर फार मोकळे वाटू लागले. समोर मांडलेल्या प्रत्येक पदार्थावर प्रेम करण्याची जबाबदारी माझ्यावर उरलेली नाही. चाखायचे ते चाखतो, पेल्यात टाकतो. दुपारी भूक लागली की डबा उघडतो. त्यात एक छोटी वाटी उसळ असते, कधी बांगड्याचा तुकडा असतो. हळू खातो. पोट भरल्याची पहिली खूण येते तिथे थांबतो. पूर्वी ती खूण येत असेलच. ऐकायला कोणी नसे. त्या आहारतज्ज्ञ मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. मात्र ती आता प्रश्न विचारत नाही, फक्त वजन बघते आणि पुढचा पेशंट बोलावते.

राहिला या प्रकरणाचा धडा. आमच्या पॅकिंगमधला वजनकाटा दुरुस्त होऊन आला, की त्यावर लगेच माल ठेवत नाहीत. आधी ठरावीक वजन ठेवून काटा बरोबर दाखवतो का ते तपासतात, मगच तो कामाला लावतात. हा नियम मीच लिहून भिंतीवर लावलेला आहे. मी दुरुस्त होऊन आलो आणि सरळ कामाला लागलो.